दवाखान्यातला डॉक्टर काढून आमच्या हातात टॅब देऊ नका

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सर्व विश्वस्त,
आपल्या समाजाचा धर्मादाय दवाखाना, इंदूर

सप्रेम नमस्कार.

येत्या १ एप्रिलपासून दवाखान्याची संध्याकाळची ओपीडी बंद करायची, डॉक्टरांचं मानधन थांबवायचं आणि त्याऐवजी आम्हा गृहभेटीच्या परिचारिकांना निदान सुचवणारं ॲप असलेले टॅब द्यायचे, असा ठराव आपण केलात. ठरावाची प्रत दवाखान्याच्या फळ्यावर लागली तेव्हा आम्हाला तो कळला. त्यात शेवटी एक ओळ आहे, ‘डॉक्टर आवश्यकतेनुसार फोनवर उपलब्ध राहतील.’ कुठले डॉक्टर, कोणत्या नंबरवर, किती वाजेपर्यंत, आवश्यकता आहे की नाही हे ठरवायचं कोणी, याबद्दल त्यात अक्षर नाही. मी कार्यालयात लेखी अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. गणेशोत्सवात मंडपात दवाखान्याची पेटी फिरते आणि रामबागेपासून सुदामा नगरपर्यंतची मराठी घरं त्यात आपापल्या ऐपतीप्रमाणे टाकतात. त्या पैशावर चालणाऱ्या दवाखान्यात काय बदलतंय हे त्यांनाही कळायला हवं.

मी याच दवाखान्याची परिचारिका. नंदानगर, पाटनीपुरा, मालवा मिल, परदेशीपुरा हा माझा भाग. माझ्या आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या शेवटपर्यंत आपल्याच दवाखान्यातून येत होत्या आणि तिला तपासणारे डॉक्टर आज ज्यांना आपण थांबवायला निघालात तेच. त्यामुळे माझी नोकरी आणि माझं घर, दोन्ही या ठरावात गुंतलेलं आहे हे आधीच सांगून टाकते.

मोबाईलला माझा विरोध नाही. गेले काही महिने चाचणी म्हणून हे टॅब आमच्याकडे आहेत आणि त्यांचा उपयोग मी डोळ्यांनी पाहिला आहे. पाटनीपुऱ्यात एक काका आहेत, हुकुमचंद कापड मिलच्या कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात होते. मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि थकलेले पैसे हाती यायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. मधली सगळी वर्षं काकांनी चौकीदारी करून काढली. रक्तदाबाची गोळी म्हणजे श्रीमंतांचं खूळ, हे त्यांचं ठाम मत. डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, सुनेनं हात जोडले, काही फरक नाही. मग एकदा मी टॅबवर त्यांच्याच बीपीची रेघ काढून दाखवली. गोळी घेतली त्या आठवड्यात रेघ खाली, सोडली त्या आठवड्यात वर. काकांनी चष्मा पुसला, टॅब हातात घेतला, बोटाने ती रेघ पुढेमागे सरकवली आणि म्हणाले, “हे माझंच आहे ना?” तेव्हापासून गोळी चुकलेली नाही. पायाच्या जखमेचा फोटो काढून संध्याकाळी डॉक्टरांना दाखवला आणि मधुमेहाच्या रुग्णाचं बोट वाचलं, असंही झालं आहे. माझ्या जुन्या वहीत यातलं काहीच जमलं नसतं.

पण या दोन्ही वेळी पलीकडे डॉक्टर होते. रेघ मी दाखवली, गोळी कोणती आणि किती हे त्यांनी ठरवलं होतं. फोटो मी काढला, तो पाहून ‘आत्ताच्या आत्ता सर्जनकडे न्या’ असं ते म्हणाले. पलीकडचा माणूस काढून घेतलात तर माझ्या हातात उरेल तो कॅमेरा आणि एक फॉर्म. माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे, बाकीच्या तिच्यातूनच निघतात.

ॲपला काय दिसत नाही ते सांगते. संकष्टीचा दिवस होता. परदेशीपुऱ्यातल्या एका आजींकडे मी संध्याकाळी पाचच्या सुमारास पोचले. मधुमेहाच्या गोळ्यांमध्ये त्यांना ग्लिमेपिराइड आहे. ही गोळी पोटात अन्न असो नसो, साखर खाली आणते. आजींनी सकाळी गोळी नेमाने घेतली होती आणि चंद्रोदयापर्यंत उपास धरला होता. ऐन थंडीत कपाळावर घाम, हात कापताहेत, मी विचारते एक आणि त्या सांगतात दुसरंच. बोटाला सुई टोचली, मशीनवर ५८ आलं. तो आकडा मी ॲपमध्ये भरला. पडद्यावर हिरवी पट्टी आली: ‘साखर नियंत्रणात. औषध सुरू ठेवा.’

७० च्या खाली साखर म्हणजे धोका, हे परिचारिकेच्या पहिल्या वर्षात शिकवतात. या ॲपमध्ये वरची मर्यादा घातली आहे, खालची घातलेलीच नाही. मी तीन चमचे साखर पाण्यात ढवळली. उपास मोडेल म्हणून सूनबाई क्षणभर थबकल्या. साखर उपासाला चालते, असं मी म्हणाले आणि आजींना ते पाणी घोटघोट पाजलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं तेव्हा आकडा वर आला होता. ओपीडी सुरू होती म्हणून डॉक्टरांना लगेच फोन लागला. त्यांनी गोळीचा डोस कमी केला आणि चतुर्थी-एकादशीला गोळी कशी घ्यायची ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पाठवलं. तो कागद आजींच्या देवघराशेजारी चिकटवलेला आहे. आपल्या घरांमध्ये किती उपास असतात हे त्या डॉक्टरांना माहीत आहे. ‘आज उपास आहे का?’ हा प्रश्न ॲपमध्ये कुठेच नाही. ही चूक मी लेखी कळवली. ‘पुढच्या आवृत्तीत पाहू’ असं उत्तर आलं. चाचणी अजून त्याच आवृत्तीवर चालली आहे आणि १ एप्रिलला तीच सगळ्यांच्या हातात येणार आहे. माझ्या जागी नवी, नुकतीच लागलेली मुलगी असती आणि पलीकडे कोणी नसतं, तर तिने पट्टीवर विश्वास ठेवला असता. तिला तरी दोष कसा द्यायचा? तिला तसंच सांगितलेलं असणार.

आता पुन्हा त्या मिलच्या काकांकडे येते, कारण ही गोष्ट माझ्या भागातल्या घराघरांत आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का, असा ॲपचा प्रश्न. उत्तर हो. लगेच शेरा येतो: ‘क्षयरोग संशयित, थुंकी तपासणीला पाठवा.’ एकदा पाठवणं बरोबरच आहे, कोणीही शहाणा माणूस पाठवेल. पण तपासणीत काही निघालं नाही, तरी पुढच्या भेटीला तोच शेरा, त्याच्या पुढच्या भेटीला तोच. खोकला तर कार्डिंग खात्यात असल्यापासूनचा आहे. कापसाच्या धुळीने छाती धरायची, आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी जास्त, हे त्या पिढीतला कुठलाही कामगार सांगेल. वैद्यकशास्त्रात या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. माणूस आधी काय काम करत होता हे विचारणारा रकाना ॲपमध्ये नाही, आणि मला हाताने लिहायचं तर मोकळी जागाही नाही. नुसती थुंकीची डबी घेऊन पुन्हा पुन्हा दारात उभं राहिलं की गल्लीत कुजबुज होते. काकांच्या नातवाच्या लग्नाची बोलणी चालू होती. मुलीकडच्यांना कोणीतरी ‘घरात टीबी आहे’ असं सांगितलं, तेव्हा काका माझ्यावर चिडले आणि ते चिडणं रास्त होतं. आपल्या डॉक्टरांनी त्यांच्या छातीला नळी लावली, मिलबद्दल विचारलं, फुंकून घेण्याची तपासणी लिहून दिली. मग इनहेलर सुरू झाला. आता काका जिना न थांबता चढतात.

तिसरी गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती आठवली की अजून राग येतो. चाचणीच्या काळात सातव्या महिन्यातली एक बाई, डोकं दुखतंय, डोळ्यांसमोर अंधारी येते. बीपी १६०/११०. या वेळी ॲपने चोख काम केलं, लाल पट्टी दाखवली आणि नेमून दिलेल्या नंबरवर संदेशही गेला. त्या संदेशाला उत्तर नाही. फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. मी रिक्षा करून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं: ‘कृपया रुग्णाची माहिती पूर्ण भरा.’ बाई आणि बाळ सुखरूप आहेत. पण विश्वस्त मंडळाला मिळालेल्या अहवालात ही भेट ‘संदर्भसेवा यशस्वी’, म्हणजे रुग्णाला पुढच्या उपचाराला नीट पाठवलं, अशी मोजली गेली आहे. तो अहवाल मी पाहिला आहे. लाल पट्टी दिसली आणि संदेश गेला, एवढ्यावर यश धरू नका.

कायद्याचं बोलायचं तर केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात आरोग्य कर्मचारी रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामधला दुवा होऊ शकतो, हे मान्य केलं आहे. पण कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेला रुग्णाला सल्ला देण्याची किंवा औषध लिहून देण्याची परवानगी नाही, तो अधिकार फक्त नोंदणीकृत डॉक्टरांचा आणि त्यांनी रुग्णाशी थेट बोललं पाहिजे, हेही तिथे स्पष्ट लिहिलं आहे. आपल्या ठरावाच्या जोडपत्रात मात्र ‘ॲपच्या सूचनेनुसार परिचारिकेने पेटीतील औषध द्यावे’ असं आहे. त्या पेटीत अँटिबायोटिक आहेत, रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. ही शेड्यूल एचची औषधं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती देणं माझ्या अधिकारात बसत नाही. उद्या काही बरंवाईट झालं तर नोंदणी माझी जाईल, चौकशी माझी होईल. ज्या कंपनीने ॲप विकलं तिच्या करारात ‘अंतिम जबाबदारी वापरकर्त्याची’ हे वाक्य आहे. ती वापरकर्ती म्हणजे मी. आपण करार वाचला असेल तर हे आपल्या नजरेतून सुटलेलं नसणार.

‘सरकारसुद्धा हेच करतंय’ असं मला एका विश्वस्तांनी सांगितलं. सरकारच्या ई-संजीवनीत आरोग्य केंद्रावरची कर्मचारी रुग्णाजवळ बसते हे खरं, पण पडद्यावर समोर डॉक्टर असतो, चिठ्ठी तो देतो. आणि कर्मचाऱ्याच्या हातात यंत्र देऊन निदानाला मदत करायची ही कल्पना मुळात जिथे डॉक्टर पोचत नाही अशा पाड्या-वस्त्यांसाठी मोलाची आहे. झाबुआ-अलीराजपूरच्या फळियात, म्हणजे आदिवासी वस्तीत, एखादी आशाताई श्वास मोजून, मिनिटाला ६० च्या वर गेला म्हणून तान्ह्या बाळाला वेळेत हलवते, तिथे तो मोबाईल जीव वाचवतो. आपण इंदुरात आहोत. इथे १९४८ पासून महात्मा गांधी मेडिकल कॉलेज आहे, एम.वाय. रुग्णालय आहे. आपल्याच समाजात निवृत्त डॉक्टर थोडेथोडके नाहीत. इथे डॉक्टर मिळत नाही म्हणून ॲप, असं कोणी म्हणू शकत नाही.

रोजच्या कामातल्या अडचणींबद्दलही बोलायला हवं, कारण त्यांच्यावर आता आमचा पगार टांगला आहे. नव्या पद्धतीत ॲपमध्ये ‘वैध’ ठरलेल्या भेटीलाच पैसे. भेट वैध व्हायला रुग्णाच्या मोबाईलवर आलेला ओटीपी लागतो. माझ्या भागात घरातला एकुलता मोबाईल मुलाकडे असतो, मुलगा पिथमपूरला शिफ्टमध्ये, आणि तिथे कित्येक कारखान्यांत मोबाईल गेटवर जमा करून आत जावं लागतं. आजी समोर बसल्या आहेत, त्यांचं बीपी मी घेतलं आहे, आणि ॲप म्हणतं भेट झालीच नाही. चाळीच्या बोळात जीपीएस मला पलीकडच्या गल्लीत दाखवतो, तीही भेट बाद. बीपी घेण्याआधी माणसाला पाच मिनिटं शांत बसवायचं, पाय जमिनीला टेकवायचे, दंड छातीच्या उंचीवर ठेवायचा आणि दोनदा मोजायचं, असं आम्ही शिकलो. ॲपमध्ये एकच आकडा भरता येतो, आणि दिवसाच्या भेटींचं जे लक्ष्य दिलं आहे त्यात पाच मिनिटं बसवायला वेळच उरत नाही. जिना चढून आलेल्या माणसाचा पहिला आकडा भरून निघून जायचं, मग त्यावरून औषध वाढवायचं? शिवाय सगळ्यांच्या दंडाला एकाच मापाचा पट्टा. जाड दंडाला तो लहान पडतो आणि बीपी उगीच जास्त दाखवतो. मोठा पट्टा मी मागितला तेव्हा ‘टॅबवर खर्च झालाय, पुढच्या वर्षी बघू’ असं ऐकलं. डेटा पॅक आम्ही आमच्या पैशाने भरतो, हेही नोंदवून ठेवते.

आणि फोटो. प्रत्येक भेटीचा पुरावा म्हणून रुग्णाचा फोटो आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा आदेश आहे. त्या ग्रुपमध्ये विश्वस्त आहेत, कार्यालयातले कारकून आहेत, कंपनीचा माणूस आहे. बाळंतीण, अंथरुणावर पडलेला म्हातारा, क्षयाची औषधं घेणारी कॉलेजातली मुलगी, सगळ्यांचे चेहरे त्यात आहेत, खाली नाव आणि आजारही. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाला. तो नसता तरी ही गोष्ट चूकच. यापुढे मी असे फोटो टाकणार नाही, हे इथेच जाहीर करते.

पैशांची अडचण खरी आहे, हे मला मान्य आहे. देणग्या पूर्वीसारख्या येत नाहीत, औषधं महागली आहेत, दवाखान्याचं छत गळतं. पण मग हिशेब पूर्ण मांडा. डॉक्टरांचं वर्षाचं मानधन एका बाजूला लिहा. दुसऱ्या बाजूला टॅबची किंमत, ॲपची वार्षिक फी आणि दुरुस्ती लिहा. आकडे फळ्यावर लावा. आठवड्याचे सहाही दिवस परवडत नसतील तर तीन दिवस ओपीडी ठेवा. उरलेल्या संध्याकाळी निवृत्त डॉक्टरांना तास वाटून द्या. मी स्वतः काही जणांशी बोलले आहे, दोघांनी होकार दिला आहे. त्यांची नावं कार्यालयात देते, फक्त कोणी विचारायला हवं.

आमच्या मागण्या अशा. संध्याकाळची ओपीडी पूर्ण बंद करू नये, निदान तीन दिवस तरी ठेवावी. लाल पट्टी आली की पंधरा मिनिटांत फोन उचलणारा एक डॉक्टर नावानिशी नेमावा आणि त्याचा नंबर प्रत्येक रुग्णाच्या घरी असावा. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषध देण्याचं कलम जोडपत्रातून काढावं. साखरेची खालची मर्यादा, उपासाचा प्रश्न, बीपीचा दुसरा आकडा, आधीच्या कामाचा रकाना आणि परिचारिकेला लिहायला मोकळी जागा, एवढं ॲपमध्ये आल्याशिवाय ते निदानासाठी वापरू नये. तोवर नोंदी ठेवायला खुशाल वापरा, आम्ही आनंदाने भरू. पगार ओटीपी आणि जीपीएसवर ठरवू नये. डेटाचा खर्च संस्थेने द्यावा. मोठ्या मापाचे पट्टे घ्यावेत, ते टॅबपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत. ग्रुपवरचे जुने फोटो काढून टाकावेत. आणि यापुढे असं काही ठरवताना आमच्यातल्या निदान दोघींना बैठकीत बसवावं.

या पत्राचं लेखी उत्तर १५ मार्चपर्यंत मिळावं, आणि हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर यावा. त्याआधी विश्वस्तांपैकी कोणीही, ज्यांना शक्य असेल त्यांनी, एका संध्याकाळी माझ्याबरोबर भेटींना चलावं. बुधवारी मी साडेचारला दवाखान्यातून निघते, पाटनीपुऱ्यातून परदेशीपुऱ्याकडे जाते, साधारण साडेसातपर्यंत परत येते. टॅब मी आपल्याच हातात देईन. माहिती आपण भरा, मी बीपी घेते.

आपली,
गृहभेट परिचारिका
(माझं नाव कार्यालयाच्या नोंदवहीत आहे.)
इंदूर